तीन नावांचा पेपर

यानिक सिनर जिंकतो तेव्हा स्टेडियममध्ये इटलीचे झेंडे फडकतात. जून २०२४ मध्ये तो जागतिक क्रमवारीत पहिला आला, आणि तिथवर पोचलेला तो इटलीचा पहिलाच पुरुष खेळाडू. २०२५ मध्ये त्यानं विम्बल्डनही मारलं. पण त्याच्या मुलाखती बघा. जर्मन पत्रकार समोर आला की गडी सरळ जर्मनमध्ये सुरू होतो, तेही अगदी सहज. क्लास लावून शिकलेली भाषा नाही ती, त्याच्या घरची आहे. सिनर झेक्स्टन नावाच्या डोंगराळ गावात वाढला. हे गाव इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला चिकटून आहे. या प्रांताचं नाव दक्षिण टिरोल. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. २०११ च्या जनगणनेत इथल्या जवळपास ६९ टक्के लोकांनी स्वतःला जर्मन भाषक म्हणून नोंदवलं, २६ टक्क्यांनी इटालियन. उरलेले साडेचार टक्के लाडिन ही तिसरीच, जुनी डोंगरी भाषा बोलणारे.

या जर्मन भाषकांचा स्वतःचा रोजचा पेपर आहे. नाव ‘डोलोमिटेन’. प्रांताची राजधानी बोत्सेन इथून तो निघतो (इटालियन लोक याच शहराला बोल्झानो म्हणतात). कॉलेजात जर्मन शिकणाऱ्यांना जर्मन पेपर म्हटलं की बर्लिन, म्युनिक, फ्रांकफुर्ट आठवतं. पण जर्मन भाषेतल्या एका पेपरची सगळ्यात थरारक गोष्ट बघायची असेल तर इटलीत जावं लागतं. या पेपरला आयुष्यात दोनदा बंद पाडण्यात आलं. एकदा तो जर्मन आहे म्हणून. दुसऱ्यांदा तो पुरेसा ‘जर्मन’ नाही म्हणून.

टिरोल म्हणायचं नाही

सुरुवात १८८२ ची. तेव्हा दक्षिण टिरोल ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होतं आणि पेपरचं नाव होतं ‘डेर टिरोलर’, म्हणजे टिरोलचा माणूस. कॅथलिक वळणाचं, शेतकरी आणि गावातल्या चर्चच्या आसपासच्या लोकांचं पत्र. तशी पत्रं त्या काळात युरोपभर होती, त्यामुळे या भागाबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही.

गोष्ट सुरू होते ती पहिल्या महायुद्धानंतर. १९१५ मध्ये इटलीनं युद्धात उतरावं म्हणून दोस्त राष्ट्रांनी तिला गुपचूप काही प्रदेश कबूल केले होते. त्यात ब्रेनर खिंडीपर्यंतचा मुलूख होता. १९१९ च्या करारात तो इटलीच्या पदरात पडला. १९१० च्या मोजणीत या भागात इटालियन बोलणारे फक्त तीन टक्क्यांच्या आसपास होते. लोक जागचे हलले नव्हते, देश बदलला होता. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे फार समजावून सांगायला नको.

मुसोलिनी सत्तेवर आला आणि चक्र फिरलं. १९२३ च्या जुलैमध्ये एत्तोरे तोलोमेई नावाच्या राष्ट्रवाद्यानं बोत्सेनच्या थिएटरात एक ३२ कलमी कार्यक्रम जाहीर केला. गावांची, डोंगरांची, नद्यांची नावं इटालियन करायची. सरकारी कामकाज इटालियनमध्ये. शाळाही इटालियन. पुढे थडग्यांवर जर्मन मजकूर कोरायलासुद्धा बंदी आली. पुढच्याच महिन्यात ‘टिरोल’ हा शब्दच बेकायदा ठरला.

आता विचार करा, तुमच्या पेपरच्या नावातच तो शब्द आहे. संपादकांनी नाव बदललं. ‘डेर टिरोलर’चं झालं ‘डेर लांड्समान’. याचा अर्थ आपल्या मुलखातला माणूस. मुंबईत आपण ज्याला ‘गाववाला’ म्हणतो ना, अगदी तोच. पण १९२५ मध्ये गाववालाही बंद पडला. फासिस्ट राजवटीनं एकेक करून जवळपास सगळे जर्मन पेपर संपवले.

गंमत अशी की त्याच सुमारास, १९२६ मध्ये, फासिस्टांनी स्वतःचा एक जर्मन पेपर काढला, ‘आल्पेनत्साइटुंग’. भाषा नको होती, पण त्या भाषेतले वाचक हवे होते. राजवटीचं म्हणणं लोकांच्या गळी उतरवायचं तर ते त्यांना समजेल अशा भाषेत सांगणं आलंच!

मग डोलोमिटेन कसा निघाला? व्हॅटिकनच्या मध्यस्थीनं. मुसोलिनीला तेव्हा चर्चशी जमवून घ्यायचं होतं. कॅथलिक पेपर म्हणून १९२६ च्या अखेरीस परवानगी मिळाली, आणि नाव निवडलं गेलं ते तिथल्या डोंगरांचं. डोलोमाइट पर्वतरांगेला कोण हरकत घेणार? तिचं नाव तर एका फ्रेंच शास्त्रज्ञावरून पडलेलं. पेपर रोज निघायचा नाही, आठवड्यातून काही वेळाच. डोक्यावर सेन्सॉर. पण छापलेली जर्मन अक्षरं घरात येत राहिली.

प्रकाशन संस्थेचीही तीच गत. आधीचं नाव टिरोलिया. ते चालेना म्हणून फोगेलवाइडर, वाल्टर फॉन डेर फोगेलवाइडं या मध्ययुगीन जर्मन कवीवरून. या कवीचा पुतळा बोत्सेनच्या मुख्य चौकात होता. १९३५ मध्ये फासिस्टांनी तोही तिथून हलवला. मग संस्थेचं नाव झालं ‘आतेझिया’. तिथून वाहणाऱ्या नदीच्या लॅटिन नावावरून आलेलं, म्हणजे कुणाच्याच बाजूचं नाही. तेच नाव आजही आहे.

गोठ्यातली शाळा

या सगळ्यामागचा माणूस होता मिशाएल गाम्पर. धर्मगुरू, पत्रकार आणि प्रकाशन संस्थेचा प्रमुख. १९२३ मध्ये शाळांमधून जर्मन हद्दपार व्हायला लागली, तेव्हा गाम्परनं आपल्या साप्ताहिकात लिहिलं की, सुरुवातीचे ख्रिस्ती लोक जसे रोमच्या तळघरांत लपून प्रार्थना करत, तशी आता आपली घरं शाळा व्हायला हवीत. त्यावरून या शाळांना नाव पडलं ‘काटाकोम्बेनशूलं’, म्हणजे तळघरातल्या शाळा.

प्रत्यक्षात त्या शेतघरांच्या स्वयंपाकघरात, माळ्यावर, गोठ्यात भरायच्या. शिकवणाऱ्या बहुतेक तरुण मुली, तुमच्याच वयाच्या. त्यांचं प्रशिक्षणही चोरून व्हायचं, शिवणकामाच्या क्लासच्या नावाखाली. पोलिसांची चाहूल लागली की पाट्या-पुस्तकं लपवायची. अँगेला निकोलेट्टी ही त्यातली एक. तिला पकडलं, तुरुंगात टाकलं, गावातून बाहेर काढलं. १९३० मध्ये क्षयानं ती गेली तेव्हा पंचविशीत होती. योझेफ नोल्डिन नावाच्या वकिलाला याच कामासाठी थेट दक्षिणेतल्या लिपारी बेटावर धाडलं. तिथून परतल्यावर १९२९ मध्ये तोही गेला.

हे वाचताना मला सारखं वाटत राहतं की, पेपरचा इतिहास आणि या शाळांचा इतिहास वेगळा काढताच येणार नाही. ज्या मुलाला शाळेत आपली भाषा वाचायला कुणी शिकवलं नाही, त्याच्या हातात पडणारा छापील मजकूर म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक आणि हा पेपर. पेपरला वाचक हवे असतात, हे आपण मार्केटिंगच्या भाषेत बोलतो. इथे वाचक तयार करणं म्हणजे आधी मुलांना अक्षरं शिकवणं होतं, आणि त्यासाठी माणसं तुरुंगात गेली.

राहणारे आणि जाणारे

मग १९३९ आलं आणि सगळ्यात वाईट काळ सुरू झाला. हिटलर आणि मुसोलिनी यांनी आपापसांत ठरवून टाकलं. दक्षिण टिरोलच्या जर्मन लोकांनी वर्षअखेरपर्यंत निवड करायची. एकतर घरदार सोडून जर्मनीत जा, नाहीतर इथे राहा आणि भाषा विसरा. प्रचार एवढा जबरदस्त होता की ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी जाण्याच्या बाजूनं कौल दिला. प्रत्यक्षात युद्धामुळे ७५ हजारांच्या आसपासच गेले.

गाम्पर आणि त्याच्या भोवतालची पेपरची मंडळी राहण्याच्या बाजूची. त्यांना ‘डाब्लायबर’ म्हणत, म्हणजे इथेच राहणारे. यात मोठेपणा वाटेल, पण त्या वेळी ती शिवी होती. शेजारी बोलायचे बंद झाले. एकाच घरात भाऊ एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला. आपल्या लोकांत गद्दार ठरण्याची भीती काय असते, याचा अंदाज एकवीस वर्षांच्या माणसालाही येऊ शकतो. आणि पेपरला तर याच लोकांकडून वर्गणी घ्यायची होती.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली आणि जर्मन सैन्य बोत्सेनमध्ये उतरलं. आता तरी जर्मन पेपरला बरे दिवस यावेत ना? नाझींनी आल्याआल्या डोलोमिटेन बंद केला. त्या जागी स्वतःचा ‘बोत्सनर टागब्लाट’ काढला. संपादक रुडोल्फ पॉशला डाखाउच्या छळछावणीत पाठवलं. फ्रीड्ल फोल्गर या ‘डाब्लायबर’ पुढाऱ्यालाही तिथेच. गाम्पर निसटला आणि फ्लोरेन्सकडे लपून राहिला.

ज्यांना जर्मन भाषा टिकवायची होती ती माणसं जर्मन राजवटीच्या छावणीत गेली, हे मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त खटकतं आणि पटतंही. भाषा आणि राष्ट्र या दोन गोष्टी लोक किती सहज एकत्र बांधतात! या पेपरवाल्यांनी त्या सोडवून ठेवल्या होत्या, निदान त्या काळी तरी.

१९ मे १९४५ ला डोलोमिटेन पुन्हा आला. युद्ध संपून दोन आठवडेही झाले नव्हते. त्याच महिन्यात जर्मन भाषकांचा पक्ष, ‘झ्यूडटिरोलर फोल्क्सपार्टाय’, स्थापन झाला होता. त्याचा जाहीरनामा लोकांपर्यंत पोचला तो याच पेपरातून. डाखाउमधून जिवंत परतलेल्या फोल्गरनं पुढे डोलोमिटेनमध्ये काम केलं आणि तो रोमच्या संसदेतही गेला.

पुढची पंचवीस वर्षं थोडक्यात. १९४६ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीत करार झाला, स्वायत्ततेचं आश्वासन मिळालं, पण अंमल अर्धवट. १९५३ मध्ये गाम्परनं डोलोमिटेनमध्ये लेख लिहिला की इटालियन स्थलांतरामुळे आपला समाज मरणाच्या वाटेवर चालला आहे. तो लेख फार गाजला. १९५७ मध्ये पस्तीस हजार लोक एका किल्ल्यावर जमले. जून १९६१ मध्ये काहींनी एका रात्रीत ३७ विजेचे मनोरे उडवले. शेवटी १९७२ मध्ये खरीखुरी स्वायत्तता मिळाली. जर्मन शाळा, जर्मन कार्यालयं, आणि सरकारी नोकऱ्या भाषांच्या प्रमाणात. हे प्रमाण ठरतं ते जनगणनेत तुम्ही कुठली भाषा नोंदवता त्यावरून.

सकाळी आधी कुठलं पान?

आज हा पेपर कोण वाचतं? वर्षानुवर्षं त्याचा खप पन्नास हजारांच्या आसपास होता. पाच लाखांच्या प्रांतात हे किती प्रचंड आहे ते बघा. त्यात इटालियन कुटुंबं वजा केली तर अनेक जर्मन घरांत तो येतोच असं म्हणायला हरकत नाही. सोमवार ते शनिवार निघतो. दऱ्याखोऱ्यांप्रमाणे बातम्यांची पानं आहेत: पुस्टरताल, फिन्शगाउ, आयझाकताल. गावच्या बँडपथकाचा कार्यक्रम, अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांची बैठक, सफरचंदाचे भाव. आणि निधनवार्ता, फोटोसकट, पानंच्या पानं. आपल्याकडे आजोबा पेपर हातात घेतला की आधी कुठलं पान उघडतात, ते आठवा म्हणजे या पानांचं महत्त्व कळेल.

इटालियन भाषक मात्र ‘आल्तो आदिजे’ वाचतात. हा पेपरही १९४५ चाच. शाळा वेगळ्या, क्लब वेगळे, पेपर वेगळे. बोत्सेन शहरात इटालियन बहुसंख्य आहेत, सभोवतालच्या खोऱ्यांत जर्मन. एकाच रस्त्यावरची दोन माणसं सकाळी दोन वेगळी शहरं वाचत असतात. या विभागणीवर सगळ्यात जास्त टीका केली ती आलेक्झांडर लांगर या शिक्षक-राजकारण्यानं. १९८१ च्या जनगणनेत त्यानं आपली भाषा नोंदवायलाच नकार दिला आणि त्यापायी शिक्षकाच्या नोकरीला मुकला. पुढे तो युरोपीय संसदेत निवडून गेला. १९९५ मध्ये बोत्सेनच्या महापौरपदासाठी उभं राहायचं होतं, तर त्याच नियमावर बोट ठेवून त्याचा अर्ज बाद केला.

दुबळ्यांचा पेपर, बलदंड मालक

आता जरा अवघड भाग. गाम्परच्या भाचीचं लग्न झालं टोनी एब्नरशी. हा ‘डाब्लायबर’ पिढीतला तरुण, पक्षाचा नेता, खासदार. गाम्पर १९५६ मध्ये गेला आणि एब्नर संपादक झाला, तो १९८१ मध्ये मरेपर्यंत. पुढे १९९५ मध्ये त्याचा मुलगा, तोही टोनी एब्नर, संपादक झाला. दुसरा मुलगा मिश्ल एब्नर पक्षाचा युरोपीय खासदार होता, आणि आतेझियाची धुरा त्याच्याकडे आली. आतेझिया आता पुस्तकांची दुकानं, छपाई, प्रवास, ऊर्जा, अगदी हिमनदीवरचं स्कीइंगचं ठिकाणसुद्धा चालवते. जर्मन बातम्यांचं प्रांतातलं मोठं पोर्टल ‘स्टोल’ त्यांचंच.

२०१६ मध्ये आतेझियानं ‘आल्तो आदिजे’ही विकत घेतला. म्हणजे दोन्ही भाषांचे मोठे पेपर एकाच घरात. सोबत शेजारच्या प्रांतातला ‘त्रेन्तीनो’ हा इटालियन पेपरही आला. तो जानेवारी २०२१ मध्ये बंद करण्यात आला. शिवाय अल्पसंख्याक भाषेतला पेपर म्हणून डोलोमिटेनला रोम सरकारकडून दरवर्षी काही दशलक्ष युरो अनुदान मिळतं.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. इटलीच्या नकाशावर जर्मन भाषक दुबळे आहेत आणि त्यांच्या पेपरला मदत मिळायलाच हवी. पण बोत्सेनच्या नकाशावर हाच पेपर सगळ्यात ताकदवान आहे. अल्पसंख्याकांतही बलदंड असतात, आणि त्यांच्यावर लिहिणारं कुणीतरी त्याच भाषेत हवं असतं. ते तिथल्या लोकांनाही कळलं. ‘एफएफ’ हे साप्ताहिक १९८० पासून निघतं. १९९६ मध्ये आर्नोल्ड ट्रिबुस यांनी दुसरं जर्मन दैनिक काढलं, ‘दी नॉयं झ्यूडटिरोलर टागेसत्साइटुंग’. २०१३ मध्ये ‘साल्तो’ आलं, फक्त ऑनलाइन, आणि त्यात जर्मन-इटालियन लेख शेजारी शेजारी असतात, भाषांतर न करता. दोन्ही येत असतील तर वाचा, असा सरळ हिशेब! साल्तोचा वाचक डोलोमिटेनच्या तुलनेत किरकोळ, पण लांगरला जे हवं होतं त्याच्या जवळ जाणारं तेच आहे.

डोलोमिटेनच्या बाजूनंही बोलायला हवं. २००१ मध्ये युरोपातल्या अल्पसंख्याक भाषांमधल्या दैनिकांची ‘मीडास’ नावाची संघटना झाली. तिचं मुख्यालय बोत्सेनमध्ये आणि पहिला अध्यक्ष डोलोमिटेनचा संपादक. तिच्यात फिनलंडमधले स्वीडिश, जर्मनीतले डॅनिश आणि सॉर्बियन, स्पेनमधले बास्क असे पेपर आहेत. छोट्या भाषेचा पेपर चालवणं किती कठीण, हे यातल्या एका उदाहरणावरून दिसतं. डेन्मार्कमधल्या जर्मन लोकांचा ‘डेर नॉर्डश्लेस्विगर’ २ फेब्रुवारी १९४६ ला सुरू झाला. बरोबर ७५ वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२१ ला, त्याचा रोजचा छापील अंक थांबला आणि पेपर मोबाइलवर गेला. तिथला जर्मन समाज पंधरा हजारांच्या आसपास आहे. तेवढ्या लोकांसाठी रोज कागद छापून घरोघर पोचवणं जमेना. डोलोमिटेनचा कागद अजून रोज खोऱ्याखोऱ्यांत जातो.

आता जर्मन शिकणाऱ्यांसाठी एक उद्योग. स्टोलवरची एखादी बातमी उघडा आणि डिक्शनरी जवळ ठेवा. लवकरच अडाल. प्लंबरसाठी पुस्तकातला शब्द ‘इन्स्टालाटोर’, पण दक्षिण टिरोलमध्ये तो असतो ‘हायड्राउलिकर’, इटालियन ‘इद्राउलिको’वरून उचललेला. ड्रायव्हिंग लायसन्सला जर्मनीत ‘फ्यूररशाइन’ म्हणतात, इथे ‘पाटेंट’. गाडीच्या नंबरप्लेटला ‘टारगा’, तोही थेट इटालियन. भाषा इटालियनपासून वाचवायला माणसं तुरुंगात गेली, आणि तीच भाषा शंभर वर्षांत इटालियन शब्द खिशात घालून फिरतेय. बर्लिनच्या माणसाला हे शब्द विचारून बघा, तोही डोकं खाजवेल.